चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा फिरस्त्या माणसाच्या थट्टेसाठी वापरतो. अमेरिकेत मात्र लक्षावधी सुस्थित कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण होऊन हे विंचवाचे जिणे पत्करतात, इतकेच नव्हे तर त्यासाठी वर्षभर पैसा बाजूस टाकतात. २०२३ च्या जून महिन्यात आम्हांलाही पंधरा दिवस अशा बिऱ्हाडात राहण्याचा योग आला. आमचा थोरला मुलगा मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहरानजीक नोकरीनिमित्त राहतो. मार्कंडेय नदीकाठचे आमचे बेळगावकडील खेडे सोडून आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने दारात उभे केलेले ते धूड पाहून पत्नीने विचारले, “अरे, हे घर रस्त्यात का आणून ठेवले आहे?”

हे घर म्हणजे काय, ते वाचकांना आधी सांगितले पाहिजे. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नाही. मध्यावर एकापुढे एक अशी दोन आसांची चार चाके, आणि पुढे निमुळती होत गेलेली लोखंडी दांडी. दांडीच्या टोकाला वाटीसारखा खोलगट भाग असतो. तो मोटारीच्या मागे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर बसतो. जोड सुटलाच तर घात होऊ नये म्हणून दोन साखळ्या लावतात, आणि एका जाड तारेतून ट्रेलरच्या दिव्यांना व ब्रेकना वीज मिळते. आमचे घर २४ फूट लांब व ८ फूट रुंद होते. त्यात गॅसची शेगडी, शीतपेटी, मोरी, शौचकूप, पुढील बाजूस एक पलंग, मध्ये टेबल, आणि अगदी मागे मुलांसाठी एकावर एक दोन फळ्या. टेबल खाली पाडले की त्याचाही बिछाना होई, व तो आम्हां उभयतांच्या वाट्यास आला होता. गमतीखातर ओढण्याचे असे पहिले घर १८८५ मध्ये इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी बांधवून घेतले होते, असे मुलाने सांगितले. ते दोन घोडे ओढीत. आमचे घर आठ जणांच्या बसण्याची एक मोटार ओढीत होती.

आमचा बेत पश्चिमेकडे साउथ डकोटा राज्यातील बॅडलँड्स व ब्लॅक हिल्स ही डोंगराळ मुलुखे पाहण्याचा होता. पहिल्या दिवशी सुमारे २४० मैल चालून सू फॉल्स शहराजवळ मुक्काम केला. इथून पुढे नव्वद क्रमांकाचा महामार्ग लागतो. पूर्वेस बॉस्टनपासून पश्चिमेस सिअ‍ॅटलपर्यंत तो ३००० मैलांहून लांब आहे. १९५६ साली आयझेनहॉवर अध्यक्ष असताना झालेल्या कायद्याने असे महामार्ग देशभर बांधले गेले. दुतर्फा मका आणि सोयाबीन. शेताला बांध नाही, झाड नाही, राखणीला माळा नाही. आम्हां शेतकऱ्याच्या डोळ्यांना इतकी मोकळी जमीन पाहून प्रथम आनंद झाला, आणि दोन तासांनी कंटाळा आला.

मुक्कामाच्या जागेस तिकडे कँपग्राउंड म्हणतात. प्रत्येक घरासाठी आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ, आणि सांडपाण्याची मोरी. घर उभे केले की प्रथम चाकांना उटी लावायची, मग ते समपातळीत आणून चारही कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. नाही तर शीतपेटी नीट चालत नाही आणि झोपलेला माणूस भिंतीकडे घरंगळतो. घराच्या पोटात तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, व तिसरी शौचकूपाची. ही तिसरी टाकी रिकामी करणे हे घरमालकाचे काम. आमच्या इंजिनिअर चिरंजिवांनी हातमोजे चढवून, जाड नळी जोडून ते काम शांतपणे केले. शेजारच्या जागेवरील एक वृद्ध गृहस्थही तेच करीत होते. हलके काम हलक्या माणसाचे, अशी आपल्याकडे जी समजूत मुरली आहे तिला या टाकीइतका उतारा आम्ही दुसरा पाहिला नाही.

त्या रात्री पाऊस आला, आणि आमच्या हातून जो प्रमाद घडला त्याचे मूळ त्या पावसात आहे.

निघताना मुलाने सर्व जड सामान घराच्या पुढील भागात, पलंगाखालच्या पेटीत भरले होते. तांदळाच्या दोन गोण्या, पीठ, डाळी, नारळ, लोणच्याच्या बरण्या, पत्नीने हट्टाने घेतलेला दगडी खलबत्ता, आणि पाण्याचे चार मोठे डबे. या पेटीचे दार बाहेरून उघडते. रात्री स्वयंपाकाच्या वेळी तांदूळ काढावयास पत्नीला छत्री घेऊन चिखलात उतरावे लागले, व ती नखशिखांत भिजली. “घर आहे की गोदाम?” असे ती पुटपुटली. आम्ही पहाटे लवकर उठतो; गावाकडची सवय. सर्व झोपेत असताना आम्ही ती पेटी रिती केली आणि एकेक जिन्नस मागील बाजूस, मुलांच्या फळीखालच्या जागेत नेऊन रचला. तेथे हात सहज पोहोचत होता. पाण्याचे डबेही तेथेच ठेवले. आपण सुनेचा आणि पत्नीचा त्रास वाचविला, या समाधानात आम्ही चहा ठेवला. कोणास सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे वाटलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. मिचेल या गावी मक्याचा राजवाडा पाहण्यास थांबलो. ही मोठी इमारत बाहेरून मक्याच्या कणसांनी मढविलेली आहे. पिवळी, तांबडी, काळसर, पांढरी अशी निरनिराळ्या रंगांची कणसे उभी चिरून खिळ्यांनी ठोकतात व त्यांची चित्रे बनवितात. असा पहिला राजवाडा १८९२ मध्ये उभारला गेला. इथली जमीन चांगले पीक देते हे जगास दाखवावे, हा त्यामागे हेतू होता. चित्रे जवळजवळ दर वर्षी नवी करतात. जुनी पाखरे खातात. नातवाने विचारले, “आजोबा, आपल्या गावात उसाचा राजवाडा का नाही?” आम्ही म्हणालो, “बाळा, तो मुंग्यांनी एका रात्रीत नेला असता.”

मिचेल सोडले आणि दुपार चढू लागली तसा वारा सुटला. त्या सपाट प्रदेशात वाऱ्याला अडविणारे काही नाही. महामार्गावर ताशी ८० मैल वेगाची मुभा आहे. परंतु अशा ट्रेलरचे बरेचसे टायर ६५ मैलांपर्यंतच जाण्यासाठी बनविलेले असतात, सबब मुलगा ६० च्या आसपास गाडी ठेवून होता. मिसुरी नदी जवळ आली होती. किंचित उतार लागला. डावीकडून एक प्रचंड मालट्रक आम्हांस मागे टाकून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने घर प्रथम आत ओढले गेले आणि मग बाहेर ढकलले गेले. आजवर असे झाले की ते एकदा हले व स्थिर होई. या वेळी ते स्थिर झाले नाही. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे अधिक गेले. आरशात आम्हांला घराची एक भिंत दिसे, मग दुसरी. मोटारीचे बूड त्याच्याबरोबर फरफटू लागले. नात किंचाळली. सूनबाईने मागे हात करून तिचा खांदा धरला. पत्नीने आमची मनगटे धरली.

अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तो गेला असता तर हे आम्ही लिहीत नसतो. मोटार थांबू पाहते, मागचे घर थांबत नाही, आणि ते जोडापाशी दुमडून मोटारीलाच आडवे करते. मुलाने पाय नुसता वर घेतला. चक्र सरळ धरून ठेवले. घराच्या पाठोपाठ ते फिरविले नाही. आणि उजव्या हाताने गुडघ्यापाशी बसविलेल्या एका छोट्या खटक्याला दाबले. त्या खटक्याने केवळ ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कोणी शेपटी धरून ओढावी तसे घर ताणले गेले, दोन हेलकावे लहान झाले, आणि ते सरळ आले. सारे मिळून दहा सेकंदही झाली नसतील.

पुढे लगेच, नदीवरच्या उंच टेकाडावर, वाटसरूंची विश्रांतीची जागा आहे. तेथे एका आदिवासी स्त्रीचा ५० फूट उंचीचा पोलादी पुतळा उभा आहे. खांद्यांवरून मागे पसरलेली गोधडी तिने दोन्ही हातांनी धरली आहे. डेल लॅम्फिअर या शिल्पकाराने घडविलेली ही मूर्ती २०१६ मध्ये उभारली गेली. तिच्या पायाशी गाडी थांबली. कोणी बोलले नाही. मुलगा उतरला. त्याने जोड पाहिला, साखळ्या पाहिल्या, टायरांना हात लावून पाहिला. सर्व ठाकठीक होते. “असे व्हायला नको होते,” तो म्हणाला. मग त्याने ट्रेलरची दांडी आणि मोटारीची मागची बाजू यांकडे लांबून पाहिले, व त्याच्या कपाळास आठी पडली. “पुढचा भाग वर का आला आहे?”

आमच्या पोटात धस्स झाले. कारण या प्रश्नाचे उत्तर त्या साऱ्या कुटुंबात आम्हांलाच सर्वांत आधी ठाऊक असावयास हवे होते.

आमचे बालपण बैलगाडीवर गेले. उसाच्या मोळ्या गाडीत भरताना आमचे वडील एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत: आसाच्या मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठते, गळ्यातल्या पट्ट्याने त्यांचा श्वास कोंडतो, आणि चढावर तर बैल अधांतरी होतात. उलट पुढे फार भरले तर सारा भार मानेवर येऊन खांदा सुजतो. म्हणून थोडे, पण निश्चित ओझे जुवावर पडले पाहिजे. चाकांवरच्या या घरासही तोच न्याय लागू आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढील गोळ्यावर दाबून असावा लागतो. त्याहून कमी झाला की घर आपल्या आसाभोवती मोकळे होते. वाऱ्याने एकदा शेपूट हलली की मागच्या ओझ्याचा जोर त्या हलण्यात मिळतो आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. बैलगाडी उलाळ झाली तर थांबता येते. ताशी ६० मैलांवर थांबावयास वेळ कुठला? ज्या गोण्या आम्ही उचलल्या त्या पुढून कमी झाल्या आणि मागे वाढल्या. म्हणजे चूक दुप्पट झाली. शिवाय नातवंडांच्या सायकलीही मागच्या बाजूस टांगलेल्या होत्या.

आम्ही मुलास बाजूस नेले व सांगितले. तो काही क्षण आमच्याकडे पाहत राहिला. रागावला असता तर बरे वाटले असते. तो इतकेच म्हणाला, “बाबा, मला उठवायचे होते.” मग तो आत गेला आणि गोण्या उचलू लागला. आम्ही हात लावावयास गेलो तर “राहू द्या” म्हणाला. वाक्य साधे होते, पण आमच्या वयाच्या माणसास ते कसे लागते हे सांगावयास नको. त्या पुतळ्याच्या सावलीत आम्ही उभे राहिलो, आणि बत्तीस-तेहेतीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आमच्याबरोबर कारखान्याला येणारा मुलगा आम्हांस आठवला. त्या दिवसांत “राहू दे, तुला जमायचे नाही,” असे आम्ही त्याला म्हणत असू.

पुढे एका ट्रकथांब्यावर त्याने वजन केले. साखर कारखान्याच्या दाराशी असतो तसाच काटा. फरक इतकाच की आसांखाली वेगवेगळ्या फळ्या असल्याने प्रत्येकीवरचा भार निरनिराळा कळतो. एकदा घर जोडून व एकदा एकट्या मोटारीचे असे दोन वेळा वजन केले. हिशेब निघाला: घराचे एकूण वजन २७३० किलो, त्यांपैकी गोळ्यावर ३३०, म्हणजे १२ टक्के. कागद त्याने सूनबाईच्या हाती दिला. आम्ही तो मागून घेऊन पाहिला.

बॅडलँड्स या उद्यानात दोन रात्री होतो. लाकोटा लोक या मुलुखास आपल्या भाषेत माको शिचा, म्हणजे वाईट जमीन, म्हणत आले. इंग्रजी नाव त्याचाच अर्थ सांगते. गवताळ पठार एकाएकी संपते आणि खाली पिवळ्या, तांबूस, राखी रंगांच्या पट्ट्यांचे हजारो कडे व सुळके दिसतात. माती इतकी ठिसूळ की पावसाने दर वर्षी सुमारे १ इंच झिजते. नांगरास तेथे काम नाही. सायंकाळी रंग पालटू लागले तेव्हा पत्नी म्हणाली, “वाईट जमीन म्हणतात खरे, पण डोळ्यांना किती पीक देते!” हे वाक्य आमचे असते तर बरे झाले असते.

तेथेच रात्री सूनबाईने वातावरण हलके करण्यासाठी १९५४ सालच्या एका विनोदी चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव ‘द लाँग, लाँग ट्रेलर’. ल्युसिल बॉल ही तिकडील प्रख्यात नटी त्यात आहे. नवपरिणीत वधूला वाटेत भेटलेले दगड आठवण म्हणून जमविण्याचा नाद असतो. नवरा ते टाकून देण्यास सांगतो. ती ते घरातच लपविते, आणि उंच डोंगर चढताना सारे प्रकरण अंगाशी येते. नातवंडे हसली. पत्नीने आपल्या खलबत्त्याकडे पाहिले. मुलगाही हसला, पण आमच्याकडे न पाहता.

ब्लॅक हिल्सच्या रानात कस्टर या राज्य उद्यानात पुढला मुक्काम. हजाराहून अधिक गवे तेथे मोकळे हिंडतात, आणि कोणाचीही भीडभाड न बाळगता गाढवे मोटारीच्या खिडकीत तोंड घालून खाऊ मागतात. पूर्वी प्रवाशांना डोंगरावर नेणाऱ्या गाढवांची ती प्रजा. तेथील एका घाटात कातळ फोडून केलेला बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे. आमचे घर तितकेच रुंद, तेव्हा ते मुक्कामी सोडून मोटार तेवढी नेता आली. ओढण्याच्या घराचा हा मोठाच लाभ. रशमोर पर्वतावरील चार अध्यक्षांची मुखे पाहिली. १९२७ ते १९४१ या काळात गट्झन बोर्ग्लम यांच्या देखरेखीखाली ती कोरली गेली. प्रत्येक सुमारे ६० फूट उंच. कौशल्य अफाट आहे, हे मान्य. तथापि हे डोंगर १८६८ च्या तहाने लाकोटा व इतर सू लोकांना दिलेले होते; १८७४ मध्ये सोने सापडले आणि १८७७ मध्ये ते काढून घेतले गेले. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरपाई म्हणून १० कोटींहून अधिक डॉलर मंजूर केले. त्या लोकांनी ते घेतले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे. आम्ही सीमाभागातले व शेतीवरचे; जमिनीचे मोल पैशात होत नाही हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या चार मुखांपेक्षा ही न घेतलेली रक्कमच आमच्या ध्यानात अधिक राहिली.

पण हे सारे पाहण्यापूर्वी, कस्टरला पोहोचलो त्याच सायंकाळी, घर उभे करण्याचा प्रश्न आला. आजवरच्या जागा एका बाजूने शिरून दुसरीकडून निघण्याच्या होत्या. येथे दोन पाइन वृक्षांमधून घर उलटे सारून बसवावयाचे होते. ज्यांनी जोडलेली गाडी कधी मागे घेतली नाही त्यांना सांगतो: मोटारीचे चक्र उजवीकडे फिरवावे तर घर डावीकडे जाते, आणि थोडे अधिक फिरविले की दुमडते. मुलाने चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी विजेचा खांब हातभर अंतराने वाचला. अंधार पडत होता. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून, हाती पेले घेऊन पाहत होते. असे पाहणे हा तेथील मोफत तमाशाच होय. नातू खाली उतरून “डावीकडे, डावीकडे” असे ओरडे, पण कोणाच्या डावीकडे ते त्यालाही ठाऊक नव्हते.

आम्ही मोटारीत गप्प बसून होतो. कारखान्याच्या अंगणात उसाची ट्रॉली दोन गाड्यांच्या फटीत मागे घेण्यात आमची सारी उमेदीची वर्षे गेली. परंतु “राहू द्या” हे शब्द अजून कानांत होते.

मुलाने गाडी थांबविली. चक्रावर दोन्ही हात ठेवून तो क्षणभर बसला. मग मागे न वळता म्हणाला, “बाबा, तुम्ही ट्रॉली कशी घेत होता?”

आम्ही म्हणालो, “हात चक्राच्या खालच्या बाजूस धर. घर जिकडे न्यायचे तिकडे हात ने. थोडे थोडे. आणि नुसते मागे बघत बसू नको. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा हात बघ.”

“मग तुम्ही तिथे उभे राहा,” तो म्हणाला.

आम्ही उतरलो. घराच्या मागे, त्याच्या बाजूच्या आरशात दिसू अशा ठिकाणी, दोन्ही पाइनच्या मध्ये उभे राहिलो व हात वर केला. आरशात त्याचे डोळे दिसले. हाताने बोलाविले तसे ते २७३० किलोचे घर सावकाश आमच्याकडे येऊ लागले; एकदा थोडे चुकले, पुढे घेऊन सरळ केले, आणि मग जागेवर येऊन टेकले. शेजारच्या खुर्च्यांतून कोणी टाळ्या वाजविल्या. मुलगा उतरला, चाकांना उटी लावली, आणि पुढची पेटी उघडून तांदळाची गोणी आमच्या हाती देत म्हणाला, “आईला द्या. आणि निघताना परत इथेच ठेवा हं.”